बायझंटाईन गादीचे तोतये

तोतयाला चेहऱ्याच्या साम्यापेक्षा पाठीराखा अधिक उपयोगी पडे. ६०२ मध्ये फोकासने सम्राट मॉरिस व त्याचे मुलगे मारले. इराणच्या दुसऱ्या खुस्रोने थोरला मुलगा थिओडोसियस वाचल्याचे सांगत एकाला पुढे केले आणि युद्धाला निमित्त मिळवले. ८२१ मध्ये बंड करणारा थॉमस स्वतःला सहावा कॉन्स्टंटाईन म्हणवत असे, असे काही जुने इतिवृत्तकार लिहितात. खऱ्या कॉन्स्टंटाईनचे डोळे ७९७ मध्ये आईनेच, आयरीनने, काढवले होते. थॉमस तर डोळस! तरीही खलिफा अल-मामूनच्या संमतीने अँटिऑकमध्ये त्याला राज्याभिषेक झाला. पाठीराख्याविना कोणी उठतच नसे, असे मात्र नाही. दहाव्या शतकात मृत सेनापती कॉन्स्टंटाईन डुकासचे नाव घेणाऱ्या बॅसिलचा हात छाटला गेला. तांब्याचा हात बसवून तो पुन्हा उठला आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये जाळला गेला.