'बुद्ध' आणि कोरियातील 'बुल'

पांढरकवड्याच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा भाषा एकाच दिवशी कानावर पडतात. भाषा बदलली की नावाचा उच्चार बदलतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. 'बुद्ध' या नावाचेही असेच झाले.

मध्य आशियामार्गे धम्म चीनमध्ये गेला. तेथे बुद्धांसाठी त्या काळी साधारण 'ब्युत्' असा उच्चार असलेले एक चिनी अक्षर वापरले गेले. इ. स. ३७२ मध्ये कोरियातील गोगुर्यो राज्यात धम्म पोहोचला. चिनी शब्दांच्या शेवटचा 'त्' कोरियन भाषेत 'ल्' होतो; म्हणून 'ब्युत्'चे 'बुल' झाले. यातील 'उ' ऱ्हस्व असून आरंभीचा 'ब' आपल्या 'प'कडे झुकलेला ऐकू येतो. त्याच अक्षराला जपानमध्ये 'बुत्सु', व्हिएतनाममध्ये 'फत' आणि आजच्या चिनी भाषेत 'फो' म्हणतात. कोरियातील ग्यॉंगजू येथील 'बुलगुक्सा' हे प्रसिद्ध विहार १९९५ साली जागतिक वारसा यादीत आले. बुल म्हणजे बुद्ध, गुक म्हणजे देश आणि सा म्हणजे विहार.

परंतु 'बुल'चा अर्थ एवढाच नाही. दुसऱ्या एका चिनी अक्षराचा उच्चारही 'बुल' असून त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. शुद्ध कोरियन 'बुल' म्हणजे अग्नी. 'बॉप' म्हणजे कायदा आणि धम्मसुद्धा. त्यामुळे 'बुलबॉप' म्हणजे बुद्धांचा धम्म आणि 'बुलबॉप' म्हणजेच बेकायदेशीर! चिनी अक्षरांत हे दोन शब्द वेगळे दिसतात. कोरियन लिपीत मात्र सारखेच. तेथे वाक्याचा संदर्भ पाहूनच अर्थ ठरवावा लागतो.

यातून आपणही बोध घ्यावा. पालीत 'श' नाही. म्हणून त्रिसरणात 'शरणं' न म्हणता 'सरणं' म्हणावे. विद्यार्थ्यांना हे जरूर शिकवावे. पण शुद्ध उच्चार ही पहिली पायरी होय. पालीतील 'धम्म' शब्दालाही शिकवण, नियम, वस्तुमात्र असे अनेक अर्थ आहेत. ते न समजता केलेले पठण म्हणजे नुसता आवाज.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत. लाखो लोकांना आपण काय स्वीकारीत आहोत हे त्या क्षणी कळत होते. वंदना म्हणताना प्रत्येक शब्दाचा अर्थ मुलांना सांगणे, हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.