बूच साडेचारशेचं, काम आठवड्याचं: छोट्या बोटीचा ड्रेन प्लग बदलताना मी केलेली चूक



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फायबर बोटीचा ड्रेन प्लग बदलून दाखवलाय. व्हिडिओ बारा मिनिटांचा आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटेल की काम पण बारा मिनिटांचंच असणार. मलाही एकेकाळी तसंच वाटायचं. त्या वाटण्याची किंमत मी १८,००० रुपये मोजलीय. म्हणून हा लेख.

ज्यांना बोटीशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचा. तुम्ही गिझर बसवत असाल किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करत असाल, शेवटचा हिशोब तुम्हालाही लागू आहे.

आधी काय झालं ते सांगतो

माझं हार्डवेअरचं दुकान मालवण तालुक्यात आहे. दुकान काढून तिसरं वर्ष होतं. मे महिना, पर्यटकांची झुंबड. डॉल्फिन दाखवायला बोट नेणारे एक काका संध्याकाळी दुकानात आले. मागच्या बुचाकडून पाणी झिरपतंय, उद्या सकाळी बुकिंग आहे, आजच करून दे म्हणाले.

मी पितळी फिटिंग दिलं, सोबत बाथरूमला वापरतात तो सिलिकॉन घेतला आणि स्वतः किनाऱ्यावर गेलो. जुनं फिटिंग काढलं, फडक्याने पुसलं, सिलिकॉन लावला, चार स्क्रू आवळले. ४० मिनिटांत काम फत्ते. रात्रीच्या भरतीला बोट पाण्यात. सगळे मिळून ८०० रुपये घेतले आणि खूश होऊन घरी आलो.

पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन. "बोटीत पाणी भरलां, बेगीन ये."

खाडीत नांगरलेली बोट मागून बसली होती. इंजिनाच्या डोक्यात खारं पाणी गेलेलं. बोटीवर कोणी नव्हतं, हे नशीब. इंजिन खोलून, धुऊन परत चालू करण्याच्या खर्चातले १८,००० मी दिले. काकांचे ऐन सीझनचे बारा दिवस गेले. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आठवडाभर थांबा म्हणाला असतास, तर थांबलो असतो रे."

ते वाक्य अजून डोक्यात आहे. कारण मी त्यांना थांबायला सांगितलंच नव्हतं. गिऱ्हाईक जाईल ही भीती.

एवढ्याशा गळतीने बोट कशी बसते?

बोटीच्या मागच्या सपाट भिंतीला ट्रान्सम म्हणतात. तिथे खाली, तळाशी, पाणी काढायला एक भोक असतं. बोट किनाऱ्यावर ओढली की बूच उघडायचं, आत साचलेलं पाणी वाहून जातं. पाण्यात उतरवण्याआधी बूच घट्ट लावायचं.

आता बूच लावायचंच राहिलं तर काय? भोक २५ मिलिमीटरचं आणि पाण्याच्या पातळीखाली २० सेंटिमीटर असेल, तर मिनिटाला साधारण ३५ लिटर पाणी आत येतं. म्हणजे मिनिटाला दोन बादल्या. हे निदान लगेच दिसतं, माणूस धावतो.

खरा धोका हळू गळतीचा. मिनिटाला एक वाटी, २०० मिली धरा. तासाला १२ लिटर. बारा तासांत १४४ लिटर, म्हणजे दोन माणसांचं वजन, आणि तेही बोटीच्या मागच्या भागात, जिथे इंजिनाचं वजन आधीच आहे. मागची बाजू खाली जाते. इंजिन बसवायला ट्रान्समची जिथे खाच असते, तिथून लाटेचं पाणी वरून आत येऊ लागतं. त्यानंतर वेळ लागत नाही.

काकांच्या बोटीत ऑटोमॅटिक बिल्ज पंप होता. तो चार रात्री पाणी बाहेर टाकत राहिला, म्हणून सकाळी तळ कोरडा दिसायचा. पाचव्या रात्री बॅटरी उतरली. पंप वारंवार चालू होतोय असं दिसलं तर पंपाचं कौतुक करू नका, पाणी कुठून येतंय ते शोधा.

पाणी नक्की कुठून येतं?

गिऱ्हाईक म्हणतं "बूच गळतंय". पण वाटा तीन असतात:

१. बूच आणि फिटिंग यांच्यामधून. ओ-रिंग चिरलेली किंवा आटे झिजलेले.

२. फिटिंगची चकती आणि बोटीचं फायबर यांच्यामधून. जुना सीलंट सुटलेला.

३. स्क्रूच्या भोकांतून. ही वाट सगळेच विसरतात.

ओळखायचं कसं? बोट जमिनीवर असताना, बूच लावून, आत मागच्या बाजूला तीन-चार इंच पाणी भरा आणि बाहेरून बघा. फिटिंगभोवती आधी कोरडं पुसा, मग थेंब कुठे उमटतो ते दिसतं. पहिली वाट असेल तर फक्त ओ-रिंग किंवा बूच बदला आणि गिऱ्हाइकाला तसं सांगा. त्यात आपले चारशे रुपये जातील, पण माणूस जोडला जाईल.

दुसरी किंवा तिसरी वाट असेल तर अख्खं फिटिंग काढावं लागतं. आणि तिथे लाकडाचा प्रश्न येतो. बऱ्याच फायबर बोटींच्या ट्रान्सममध्ये दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवुड असतं. भोकाच्या आतली प्लायची कड उघडी राहिली तर ती पाणी शोषते आणि कुजते. कुजलेल्या प्लायमध्ये स्क्रू पकडत नाही, आणि मग वरून कितीही महाग सीलंट लावा, फिटिंग हलणारच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भोकाभोवती ठोकून बघा. टणटण वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर आत ओल आहे किंवा थर सुटलेत. मोठा भाग बद्द वाजत असेल तर ते फायबरच्या कारागिराचं काम. आपण वरून झाकायचं नाही.

सामान कुठलं घ्यायचं?

*फिटिंग:* ब्राँझ किंवा ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील चांगलं. साध्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं, मग धातू गुलाबीसर आणि ठिसूळ होतो. जुनं पितळी फिटिंग गुलाबी दिसलं तर बदलाच. आणि चुंबक लावून ३०४ की ३१६ ते कळत नाही. दोन्ही चुंबकाला जवळपास धरत नाहीत. खात्रीच्या व्यापाऱ्याकडूनच घ्या.

*स्क्रू:* फिटिंग चांगलं आणि स्क्रू साध्या लोखंडाचे, असं करू नका. खाऱ्या पाण्यात वेगळे धातू एकत्र आले की हलका धातू आधी खाल्ला जातो. स्क्रूसुद्धा ब्राँझ किंवा ३१६ चेच.

*सीलंट:* बाथरूमचा सिलिकॉन नको. तो इथे फायबरला टिकून धरत नाही, आणि मागे जो तेलकट थर सोडतो त्यावर पुढचा कुठलाच सीलंट नीट चिकटत नाही. पाण्याखाली चालणारा मरीन पॉलियुरेथेन सीलंट घ्या. त्यातही कायमचा चिकटणारा प्रकार असतो, तो पुढच्या वेळी फिटिंग काढताना फायबरवरचा जेलकोट उचकटून आणतो. आपलं फिटिंग काही वर्षांनी परत निघणार आहे, म्हणून मध्यम ताकदीचा घ्या. प्लॅस्टिकचं फिटिंग असेल तर हा सीलंट त्या प्लॅस्टिकला चालतो का ते ट्यूबवर वाचा.

काम कसं करायचं?

पहिला दिवस: बोट किनाऱ्यावर, पुढची नाळ उंच, म्हणजे पाणी मागे येऊन निघून जाईल. स्क्रू काढा. चकतीखाली पातळ पट्टी चारही बाजूंनी घालत जुना सीलंट कापा. पहारीने उचकटू नका. सगळा जुना सीलंट खरवडा, ८० नंबर पॉलिश पेपरने घासा, मग स्वच्छ फडक्यावर ॲसिटोन घेऊन दोनदा पुसा. दुसऱ्या वेळी फडकं नवीन घ्या, नाहीतर तीच घाण परत पसरते. हातमोजे घाला आणि जवळ बिडी-सिगारेट नको, ॲसिटोन पटकन पेट घेतं. मग भोक वाळू द्या. प्लाय ओलं असेल तर एक दिवस पुरणार नाही, हे गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगा.

दुसरा दिवस: भोकाच्या आतल्या कडेला इपॉक्सीचे दोन हात द्या. स्क्रूची जुनी भोकं थोडी मोठी करून घट्ट इपॉक्सीने भरा. यामुळे पाणी आलंच तरी लाकडापर्यंत पोचत नाही.

तिसरा दिवस: इपॉक्सी कडक झाल्यावर स्क्रूसाठी नवीन भोकं पाडा. फिटिंग कोरडंच बसवून बघा. बाजूने मास्किंग टेप लावा. आता सीलंट: चकतीच्या मागे, भोकाभोवती आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकात. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. चारही बाजूंनी सीलंट सारखा बाहेर आला की थांबा. जोर लावून आवळलं तर सगळा सीलंट पिळून बाहेर येतो आणि मधे काही उरत नाही. पुसून घ्या आणि वर साय धरण्याआधी टेप काढा.

त्यानंतर थांबायचं. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने बाहेरून आत पक्का होत जातो. वरून हाताला कोरडा लागला म्हणजे आत झाला असं नाही. किती दिवस ते ट्यूबवर लिहिलेलं असतं. थ्रीएम ५२०० सारख्या साध्या प्रकाराला पूर्ण पक्कं व्हायला ५ ते ७ दिवस लागतात, लवकर होणारे प्रकारही मिळतात. ट्यूब वाचून तारीख ठरवा, बुकिंग बघून नाही.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: बुचाच्या आट्यांना सीलंट कधीच लावायचा नाही. बूच उघडता आलं पाहिजे. ओ-रिंगला थोडं ग्रीस, हाताने घट्ट, मग पान्याने किंचित. बस.

शेवटी परत आतून पाणी भरून तपासा. मग पाण्यात उतरवा, तासाभराने तळ बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी पंप बंद ठेवून परत बघा.

गिऱ्हाइकाला दोन सवयी लावा. बोट किनाऱ्यावर असताना काढलेलं बूच इंजिनाच्या चावीला बांधायचं, म्हणजे बूच हातात आल्याशिवाय इंजिन चालू होणारच नाही. आणि एक जादा बूच कायम बोटीत.

आता हिशोब

बीबीएला आम्हाला कॉस्टिंग शिकवलं होतं. सामान, मजुरी, वरखर्च. पण माझ्या डोक्यात मजुरी म्हणजे पान्याला हात लागलेला वेळ. तीन दिवस फेऱ्या मारणं, वाळायची वाट बघणं, परत जाऊन तपासणं हे मी कधी धरलंच नव्हतं.

आज माझा हिशोब असा आहे (दर माझ्या गावातले, तुमचे वेगळे असतील). फिटिंग ४५०. सीलंटची ट्यूब ९५०, आणि ती पूर्ण धरतो, कारण एकदा फोडलेली ट्यूब घट्ट होऊन वाया जाते. इपॉक्सी, पेपर, ॲसिटोन, टेप मिळून ३५०. चार फेऱ्यांचं पेट्रोल २००. पाच तासांची मजुरी १,०००. झाले २,९५०. मी ३,८०० सांगतो.

"एवढ्याशा बुचाचे एवढे?" असं विचारणारे असतातच. मी त्यांना आधी १४४ लिटरचं गणित सांगतो, मग त्या ८०० रुपयांचं. त्यात मला २०० सुटले होते. १८,००० भरून काढायला तशी ९० कामं करावी लागली असती.

एवढं करूनही कोणी "आजच्या आज कर" म्हणालं, तर मी ओ-रिंग बदलून देतो, तेवढंच बिल करतो आणि जॉब कार्डवर लिहितो: फिटिंग बदललेलं नाही, बोट रात्री पाण्यात ठेवू नये. गिऱ्हाइकाची सही घेतो. आणि शक्यतो हे काम सीझन संपल्यावर, बोटी पावसाळ्यासाठी वर ओढल्या की काढायला सांगतो. तेव्हा त्यांना घाई नसते, आणि दुकानात मंदी असते ती भरून निघते. नारळी पौर्णिमेच्या आत बोटी तयार.

काका आजही माझ्याकडेच येतात. दर जूनमध्ये बूच उघडून दाखवतात आणि विचारतात, "यंदा किती दिवस?" मी दिवस सांगतो, ते मान हलवून जातात.

तुमच्या धंद्यात असं कुठलं काम आहे, जिथे "आठवडा लागेल" म्हणायला तुमची जीभ अडखळते? कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत जॉब कार्ड कसं बनवायचं ते बघू.