सावलीतील कोरांटी

ओळख : अडुळसा व अबोली यांच्याच कुलातील हे आटोपशीर सदाहरित झुडूप, प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘बार्लेरिया’. पिवळ्या व जांभळ्या-पांढऱ्या अशा दोन्ही जातींना शास्त्रीय नावे लिनीअसने १७५३ साली दिली.

भेद : पिवळीच्या पानांच्या बगलेत अणकुचीदार काटे असतात, म्हणून ती कुंपणाची, जांभळी-पांढरी अंगणाची. संस्कृतात पिवळी ती ‘कुरंटक’, तांबडी ती ‘कुरबक’.

बहर : पावसाळा सरल्यापासून थंडीभर.

टेंभुर्णीत (जाफ्राबाद तालुका) : काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि मुळाशी पाणी साचले की झुडूप कुजते, यास्तव खड्ड्यात मुरूम व शेणखत मिसळून, निंबाच्या छायेत परंतु सकाळचे कोवळे ऊन तीन-चार तास पोहोचेल अशा जागी, पावसाळ्याच्या आरंभी वीतभर फांदी रोवावी. गर्द सावलीत फांद्या लांबतात, फुले विरळ येतात.

छाटणी : फाल्गुनात, बहर ओसरताच.

बी : पक्व बोंड तडकून बिया दूर उडतात, बी भिजताच तिच्यावरील चिकटून बसलेली रेशमी लव उभी राहून बुळबुळीत होते, हे ओल्या तळहातावर सहज पाहता येते.