गाडीचा पिकअप अचानक का जातो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

चालत्या मोटारीची ताकद एकाएकी कमी होणे हे लक्षण आहे. बिघाड त्याच्या मागे कुठेतरी असतो. ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही, चढावर गिअर सारखा खाली आणावा लागतो, ओव्हरटेक करताना गाडी दम टाकते. पेट्रोल इंजिनाला ठरावीक प्रमाणात हवा आणि इंधन लागते (वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल), सिलिंडरमध्ये पुरेसा दाब लागतो, नेमक्या क्षणी ठिणगी लागते आणि जळालेला वायू बाहेर पडायला मोकळी वाट लागते. डिझेल इंजिनात ठिणगीचे काम दाबाने तापलेली हवा करते. यातली एक गोष्ट कमी पडली तरी ताकद घटते. कोणती कमी पडली हे क्रमाने शोधणे म्हणजे निदान. हा क्रम सोडून अंदाजाने सुटे भाग बदलले जातात, तेव्हा त्यामागे बहुधा पुढीलपैकी एखादा गैरसमज असतो.

गैरसमज : पिकअप गेला म्हणजे इंजिनच बिघडले.

वस्तुस्थिती : इंजिन ठणठणीत असूनही त्याची ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही, असे होऊ शकते. आरपीएमचा काटा हा पहिला साक्षीदार. ॲक्सिलरेटर दाबताच काटा झपाट्याने वर जातो, आवाज वाढतो आणि वेग मात्र तेवढाच राहतो, तेव्हा मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट स्लिप होत असते. याची खात्री सपाट, मोकळ्या जागी करता येते. हँडब्रेक घट्ट ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये थोडी रेस देत क्लच हळूहळू सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. झिजला असेल तर ते तसेच चालू राहते. ही चाचणी एकदाच करावी, कारण तिने क्लच तापतो. काटा आणि वेग दोन्ही चढत नसतील, तर दोष इंजिनात किंवा ब्रेकमध्ये असतो. थोडे अंतर चालवल्यावर एकच चाक इतरांपेक्षा खूप तापलेले असेल आणि जळका वास येत असेल, तर ब्रेकचा कॅलिपर अडकलेला असण्याची शक्यता मोठी.

गैरसमज : गाडी एका वेगापुढे जातच नाही, म्हणजे इंजिन संपले.

वस्तुस्थिती : अनेकदा ही गाडीच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, स्वतःहून घातलेली मर्यादा असते. तिला लिम्प मोड म्हणतात. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरच्या पेडलला दोन सेन्सर असतात. दोघांचे आकडे जुळले नाहीत, टर्बोचा दाब मर्यादेबाहेर गेला किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फार तापला, की ईसीयू ताकद छाटतो. अनेक गाड्यांत आरपीएम मग २,५०० ते ३,०००च्या पुढे जात नाही. इंजिन वाचवणे आणि गाडी सुरक्षित जागी पोहोचवणे हा त्यामागचा हेतू असतो. चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावर गाडी कधी कधी पूर्ववत पळू लागते. मूळ दोष मात्र तसाच असतो. एखादा सैल कनेक्टर किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर एवढे कारणही लिम्प मोडला पुरते.

गैरसमज : स्कॅनर लावला की कोणता पार्ट गेला ते कळते.

वस्तुस्थिती : स्कॅनर कोणते मोजमाप मर्यादेबाहेर गेले ते सांगतो. ते का गेले हे शोधण्याचे काम मेकॅनिकचे. ‘पी०१७१’ या कोडचा अर्थ मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी आहे, इतकाच. इनटेकच्या फाटलेल्या पाइपमधून जास्तीची हवा शिरणे, इंधन पंप अशक्त होणे, हवा मोजणारा सेन्सर मळणे, यातले काहीही त्यामागे असू शकते. कोड वाचून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलला, तर पैसे जातात आणि दोष राहतो.

त्यामुळे कोडबरोबर चालू इंजिनाचे आकडेही पाहावे लागतात. ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, ते ‘फ्युएल ट्रिम’मध्ये दिसते. आयडलिंगला हा आकडा खूप वाढलेला असेल आणि २,५०० आरपीएमला जवळजवळ शून्यावर येत असेल, तर कुठूनतरी हवा शिरते आहे. उलट भार वाढेल तसा आकडा वाढत गेला, तर संशय इंधनाच्या पुरवठ्यावर किंवा हवेच्या सेन्सरवर जातो. बॅटरीची वायर काढून कोड पुसण्याची सवय याच कारणाने महागात पडते. दोष उद्भवला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि भार यांची नोंद त्याबरोबर नाहीशी होते.

गैरसमज : गाडी ‘मिसिंग’ करते आहे, म्हणजे प्लग बदलावेत.

वस्तुस्थिती : मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न जळणे. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांना तीनच सिलिंडर असतात. त्यातला एक बंद पडला की एक तृतीयांश ताकद जाते आणि गाडी थरथरू लागते. कारण प्लग असू शकतो, तसेच इग्निशन कॉइल, इंजेक्टर किंवा त्या सिलिंडरचा उतरलेला दाबही असू शकतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर नवा पार्ट न घेताही दोष पकडता येतो. समजा, ‘पी०३०२’ हा कोड आला, म्हणजे दुसरा सिलिंडर मिस होतो आहे. इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसून गाडी चालवावी. आता ‘पी०३०३’ आला, तर कॉइलबरोबर दोषही तिसऱ्या सिलिंडरकडे गेला, कॉइल खराब. कोड दुसऱ्यावरच राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लगची हीच परीक्षा घ्यावी, त्यानंतर इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासावे.

गैरसमज : एअर फिल्टर चोंदला की ताकद अचानक जाते.

वस्तुस्थिती : फिल्टर हळूहळू चोंदतो, म्हणून ताकदही हळूहळू घटते, इतकी की रोज चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही. पावसाच्या पाण्याने फिल्टर भिजणे हा याला अपवाद. कालपर्यंत बरी पळणारी गाडी आज मेली, तर मळका फिल्टर हे पहिले संशयित नव्हे. तो पाहायला सोपा, म्हणून जरूर पाहावा. पण तपास तिथेच थांबवू नये.

गैरसमज : टर्बो गाडी ढेपाळली म्हणजे टर्बो गेला.

वस्तुस्थिती : टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमधून रबरी पाइपांनी इंजिनात येते. पाइपला चीर पडली किंवा क्लॅम्प सुटला, तर दाब बाहेर निसटतो आणि ‘पी०२९९’ हा कमी दाबाचा कोड येतो. रेस देताच फुस्स असा आवाज, डिझेल गाडीत काळा धूर, सांध्याभोवती तेलाचा ओशट थर या त्याच्या खुणा. टर्बोचे नियंत्रण करणारी बारीक व्हॅक्यूम नळी तुटली, तरी लक्षण तेच. टर्बो बदलण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून त्याआधी सगळे पाइप, क्लॅम्प आणि नळ्या हाताने चाचपून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज : पिकअप गेला, तर दोष इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा.

वस्तुस्थिती : समान आकारमानात इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणावर मायलेज काही टक्क्यांनी घटते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी भागांचा प्रश्नही खरा आहे. पण हे परिणाम सावकाश दिसतात. पेट्रोल भरल्यावर काही किलोमीटरांतच गाडी झटके देऊ लागली, तर शंका टाकीतल्या पाण्याची घ्यावी. इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते. प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर होऊन तळाशी बसतो आणि पंपही तळातूनच ओढतो. काचेच्या बाटलीत नमुना घेऊन तो स्थिर ठेवला, तर हा थर डोळ्यांना दिसतो. भेसळीची शंका असल्यास पेट्रोल पंपावर फिल्टर पेपर आणि घनता यांची तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

गैरसमज : डिझेल गाडी शहरात हळू चालवली की इंजिन जास्त टिकते.

वस्तुस्थिती : १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतरच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. साचलेली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते गाठलेच जात नाही. काजळी साचत जाते, डीपीएफचा दिवा लागतो आणि दुर्लक्ष केल्यास गाडी लिम्प मोडमध्ये जाते. दिवा लागताच मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने महामार्गावर काही वेळ सलग चालवल्यास फिल्टर बहुधा साफ होतो. वारंवार अर्धवट राहिलेल्या सफाईत न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, म्हणून ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ते तपासून घ्यावे.

गैरसमज : घाटात गाडी दमते, ती गरमीने पेट्रोलची वाफ झाल्यामुळे.

वस्तुस्थिती : पद्मिनी आणि अँबेसेडरच्या काळात हे खरे होते. पंप इंजिनावरच असे, तो तापला की पेट्रोलची वाफ होई आणि चालक त्यावर ओले फडके टाकत. आता पंप टाकीत असतो आणि इंधनावर सतत काही बार दाब असतो, त्यामुळे हा प्रकार दुर्मीळ झाला आहे. महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के कमी असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात उतरते. ही घट चढाबरोबर हळूहळू होते. घाटात ताकद एकदम गेली, तर आधी तापमानाचा काटा पाहावा. इंजिन अतितप्त झाले की ईसीयू ताकद कमी करतो. सीएनजी गाडी गॅसवर थोडी कमी ओढते हेही स्वाभाविक, कारण गॅस सिलिंडरमधल्या हवेची काही जागा घेतो. ती पेट्रोलवर नीट आणि गॅसवर अगदीच मंद चालत असेल, तर दोष रेग्युलेटर, गॅस फिल्टर किंवा गॅसच्या इंजेक्टरमध्ये शोधावा.

गैरसमज : इंजिनाचा दिवा लागला तरी गाडी चालते आहे तोवर चालवावी.

वस्तुस्थिती : दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. स्थिर दिवा म्हणजे लवकर तपासणी करावी. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसिंग इतके तीव्र आहे की न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आहे. त्या उष्णतेने आतला सिरॅमिक भाग वितळतो, धुराची वाट बुजते आणि एका कॉइलचा बिघाड कन्व्हर्टरच्या मोठ्या खर्चात बदलतो. अशा वेळी रेस न देता गाडी बाजूला घ्यावी. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडले, तर ते पुन्हा सुरू करूच नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि स्टार्टरच्या जोरानेही कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑइलच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागल्यासही इंजिन लगेच बंद करून गाडी टो करून गॅरेजला न्यावी.