आरेची वैरण आणि बरसीम

गोरेगावची आरे दूध वसाहत १९४९ची. तिथल्या म्हशींसाठी पॅरा गवत लावलं गेलं, पण हिवाळी वैरणीत माझ्या मते बरसीमला तोड नाही. मेथीच्या नात्यातलं हे द्विदल पीक प्रथिनांनी भरलेलं असतं.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत पेरा, हेक्टरी २५ ते ३० किलो बियाणं. आधी बी मिठाच्या पाण्यात सोडा. कासनी या तणाचं हलकं बी वर तरंगतं, ते काढून टाका. खालचं बी साध्या पाण्याने धुऊन गुळाच्या पाण्यातलं रायझोबियम चोळा आणि सावलीत सुकवा. महिन्याभराने एखादं रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली की हवेतलं नत्र धरायचं काम जोरात चालू आहे!

पहिली कापणी साधारण ५० दिवसांनी, पुढच्या महिन्याभराच्या अंतराने. बुडखा ५-७ सेंटिमीटर ठेवा, पाणी तोडू नका. मुंबईत थंडी लवकर सरते, म्हणून उत्तरेइतक्या कापण्या मिळत नाहीत. शेवटचा फुटवा मातीतच गाडा. बोरिवली-मुलुंडच्या गच्चीवरच्या वाफ्यांनाही हे हिरवळीचं खत चालतं.

गुरांना नुसतं कोवळं बरसीम मात्र घालू नका, पोट फुगतं. पेंढा किंवा कडबा मिसळूनच द्या.