चेतापेशींवरील पहिला घाव दाखवणारा मासा

नवी दिल्ली : मज्जारज्जूपासून स्नायूंपर्यंत हालचालीचा आदेश नेणाऱ्या प्रेरक चेतापेशी माणसात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. या पेशींचे काही आजार आईवडिलांकडून मुलांकडे येतात. त्यांत पहिला घाव कधी आणि कुठे बसतो, हे रुग्णाच्या शरीरात पाहता येत नाही. लक्षणे दिसेपर्यंत बरीच हानी होऊन गेलेली असते. म्हणूनच शास्त्रज्ञ जनुकीय बदल केलेल्या झेब्राफिशकडे वळले आहेत.

तीन-चार सेंटीमीटर लांबीचा हा पट्टेदार मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील ग्रंथात १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत प्रतिष्ठा मिळवून दिली. भारतात दिल्लीच्या जिनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी संस्थेने २००९ मध्ये आसाममधील रानटी झेब्राफिशचा जनुकसंच वाचला. संस्थेचे मॉल रोडवरील जुने आवार हिंदूराव रुग्णालयापासून फार दूर नाही. (रुग्णालयाचे नाव मराठी वाचकांना परके वाटू नये. बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलकर घाटगे घराण्यातील हिंदूराव यांनी तेथील विल्यम फ्रेझरचा बंगला विकत घेतला होता.) मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संस्था येथेही या माशावर काम चालते, पण त्वचा व हृदय यांसंबंधी. प्रेरक चेतापेशींवरचे पुढील प्रयोग परदेशांतले आहेत.

माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे समकक्ष जनुक या माशात आढळतात. अंडी शरीराबाहेर फलित होतात आणि भ्रूण काचेसारखा पारदर्शक असतो. तो एकपेशीय असतानाच सूक्ष्म सुईने आत द्रव्य सोडून एखादे जनुक बंद करता येते किंवा माणसाचे सदोष जनुक बसवता येते. प्रेरक चेतापेशींतच जागृत होणाऱ्या जनुकाच्या नियंत्रक भागाला जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन जोडले, की त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणीच उजळून दिसतात. दोन दिवसांचा भ्रूण स्पर्श होताच पोहून दूर जातो. दोष असेल तर ही हालचाल मंदावते.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा बालकांचा आजार एसएमएन १ या जनुकातील दोषामुळे होतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. २०२१ मध्ये मुंबई-पुण्याकडील चिमुकल्यांसाठी १६ कोटी रुपयांच्या इंजेक्शनची लोकवर्गणी झाली, ती याच आजारासाठी. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात क्रिस्टीन बीटी यांच्या गटाने २००३ मध्ये झेब्राफिशच्या भ्रूणात या प्रथिनाचे प्रमाण घटवले. चेतापेशी मेल्या नाहीत; मात्र त्यांचे अक्षतंतू तोकडे राहिले किंवा त्यांना भलतीकडे फाटे फुटले. म्हणजे पेशी मरण्याआधीच तिची तार बिघडते. उपचार लक्षणांपूर्वी सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी ठरतात, या वैद्यकीय अनुभवाशी हे निरीक्षण जुळणारे आहे. माणसात एसएमएन २ हे राखीव जनुकही असते आणि रिस्डिप्लॅमसारखे औषध त्याच्यावरच काम करते. माशात ते नसते, म्हणून मानवी एसएमएन २ बसवलेले मासेही तयार करण्यात आले.

प्रौढांच्या एएलएस या आजारात सुमारे १० टक्के रुग्णांनाच कौटुंबिक वारसा असतो. एसओडी १ जनुकात दोष असलेल्या माशांवर ब्रिटनमधील शेफील्ड येथे काम झाले. ताण आलेल्या चेतापेशी लाल चमकतील, अशी त्यांत सोय होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुरुवातीचा ताण प्रेरक चेतापेशींत नव्हे, तर त्यांना आवर घालणाऱ्या शेजारच्या पेशींत दिसला. रिल्युझोल या प्रचलित औषधाने तो कमी झाला. आजाराचा माग नेमका कुठून घ्यावा, याबाबतच्या समजुतीला धक्का देणारे हे निरीक्षण होते.

माशाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. माणसाच्या मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत येणारा आणि एएलएसमध्ये हमखास बाधित होणारा चेतामार्ग माशात नसतो. शिवाय इजा झालेल्या मज्जारज्जूत हा मासा नव्या प्रेरक चेतापेशी घडवू शकतो. त्यामुळे माशात गुणकारी ठरलेल्या रसायनाला उंदरांवरील प्रयोग आणि मग माणसांवरील चाचण्या यांतून जावेच लागते. एसओडी १ मधील दोष १९९३ मध्ये सापडला. त्यावर थेट काम करणाऱ्या टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती एप्रिल २०२३ मध्ये.