नेपियर, सुपर नेपियर की शोभेचं गवत? कांडी विकत घेण्याआधी हे तपासा

तालुका प्रतिनिधी : पाऊस पडला की चारा लागवडीची घाई सुरू होते आणि त्याच वेळी मोबाईलवर जाहिरातीही सुरू होतात. ‘सुपर नेपियरचं बियाणं घरपोच’, ‘लाल नेपियर, दुधाची हमी’ असे मेसेज ग्रुपवर फिरतात. फोटोत सगळीच गवतं उंच आणि हिरवीगार दिसतात. पण यातली काही चाऱ्याची, काही बंगल्यासमोर लावायची, तर काही मुळात बियांपासून येतच नाहीत.

तीन बाय दोन फुटांवर लागवड केली तर एकरी सुमारे सव्वासात हजार कांड्या लागतात. कांडीला एक रुपया धरला तरी सव्वासात हजार रुपये जातात, मजुरी वेगळी. हे गवत एकदा लावलं की तीन-चार वर्षं शेतात राहतं. त्यामुळे चूक झाली तर पैशांसोबत रानही अडकतं.

सगळी एकाच घरातली

बाजरी, नेपियर म्हणजे हत्ती गवत आणि नर्सरीत मिळणारं फाउंटन ग्रास ही तिन्ही जवळची भावंडं आहेत. वनस्पतीशास्त्रात त्यांचा वंश पेनिसेटम. माळरानावरचं अंजन गवत हे त्यांचं चुलत भावंड. अलीकडे बरेच शास्त्रज्ञ या सगळ्यांना सेंक्रस या एकाच वंशात धरतात. म्हणूनच तुरा किंवा कणीस लांबून बघितलं तर सगळ्यांचं बाटली धुवायच्या ब्रशसारखंच दिसतं. फरक कळतो तो हात लावून बघितल्यावर.

बाजरी, नेपियर आणि संकरित नेपियर

बाजरी एका हंगामाची. कणसात दाणे भरले की ताट वाळतं.

साधं नेपियर बारमाही आहे. उसासारखी जाड पेरं, पेरावर डोळा आणि उंची माणसाच्या वर. पानाच्या कडा धारदार असतात, पानावर लव असते, कापताना हाताला ओरखडे पडतात. जुनं झालं की कांडी कडक होते आणि गुरं ती गव्हाणीत टाकून देतात.

या दोघांचा संकर म्हणजे बाजरा-नेपियर. पान रुंद, मधली शीर पांढरट, लव कमी, पान हाताला मऊ आणि फुटवे भरपूर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत, कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे को-४ आणि को-५, धारवाडचा डीएचएन-६ हे सगळे याच प्रकारातले वाण. सुपर नेपियर नावाने विकलं जाणारं गवत मूळचं थायलंडचं, तिथे त्याला पाकचोंग म्हणतात. तेही कांडीनेच लावतात.

‘बियाणं’ म्हटलं की सावध व्हा

बाजरीत १४ गुणसूत्रं असतात, नेपियरमध्ये २८. दोघांच्या संकरात येतात २१. ही संख्या विषम असल्यामुळे जोड्या नीट लागत नाहीत आणि तुऱ्यात दाणा भरत नाही. घोडा आणि गाढव यांच्यापासून झालेल्या खेचराला जसं पिल्लू होत नाही, तसंच हे आहे. तुरा येतो, पण पोकळ.

म्हणून बाजरा-नेपियर संकराचं बी नावाचा माल शेतकऱ्याला उपयोगाचा नाही. पाकिटातलं काही उगवलंच, तर ती बाजरी किंवा दुसरंच एखादं गवत असणार. लागवड करायची ती दोन डोळ्यांच्या कांडीने किंवा मुळं असलेल्या ठोंबाने.

लाल रंगावर जाऊ नका

सगळ्यात जास्त गोंधळ लाल गवतात होतो. लाल-जांभळ्या पानांचं नेपियर असतं, ते गुरं खातात. तसंच लाल-जांभळ्या पानांचं फाउंटन ग्रासही असतं, ते बागेसाठी आणि रस्त्याच्या दुभाजकासाठी. रंगावरून चारा ठरत नाही. हे चार फरक बघा :

१. कांडी : नेपियरची बोटाएवढी किंवा त्याहून जाड. फाउंटन ग्रासची पेन्सिलीपेक्षा बारीक.
२. पान : नेपियरचं साधारण दोन ते चार सेंटिमीटर रुंद. फाउंटन ग्रासचं जेमतेम एक सेंटिमीटर, हिरव्या जातीत तर सुतळीसारखं.
३. उंची : नेपियर दहा फुटांवर जातं. फाउंटन ग्रासचा झुपका साधारण कमरेएवढाच राहतो.
४. तुरा : नेपियरचा सरळ उभा. फाउंटन ग्रासचा मऊ, गुलाबी-जांभळा आणि कारंज्यासारखा बाहेर वाकलेला.

फाउंटन ग्रास कोवळं असताना जनावर तोंड लावेल, पण जून झाल्यावर ते कडक होतं आणि पोट भरेल एवढा पालाही देत नाही. हिरव्या जातीचा धोका आणखी वेगळा. तिचं बी वाऱ्यावर उडून पसरतं. हवाई बेटांवर ती कुरणांत आणि माळांवर घुसली असून वाळल्यावर वणव्याला निमंत्रण देते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये तिला घातक परकीय वनस्पतींच्या यादीत टाकलं. त्यामुळे दुभाजकावरचा झुपका उपटून बांधावर लावू नये.

कोरडवाहू रानात अंजन

पाणी नसेल तर नेपियरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथे अंजन गवत बरं. ते गुडघा ते कमरेएवढं वाढतं, कणसावरचे केस हाताला मऊ लागतात आणि त्याचं बी खरोखर पेरता येतं. कणीस हाताला टोचत असेल आणि धोतराला चिकटत असेल, तर ते अंजन नाही, काटेरी सेंक्रस आहे. त्याचे काटे गुरांच्या तोंडाला जखमा करतात.

घेताना काय करावं

नुसती कांडी बघून को-४ कोणता आणि डीएचएन-६ कोणता, हे जाणत्यालाही सांगता येत नाही. म्हणून फोटोवर पैसे पाठवू नयेत. बेणं जिथे उभं आहे तो प्लॉट प्रत्यक्ष पाहावा, एक पान आणि एक कांडी हातात घेऊन वरचे फरक जुळवावेत. कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून बेणं घ्यावं आणि पावतीवर वाणाचं नाव लिहून घ्यावं. शंका असेल तर आधी पन्नास-शंभर कांड्या लावून एक कापणी गुरांना घालून बघावी. पुढच्या वर्षी घरच्याच बेण्यावर एकर पुरा करता येतो.

खरं बाजरा-नेपियर मिळालं तरी नुसतं तेच घालू नये. त्यात ऑक्झलेट असतं, कोवळ्या फुटीत जास्त. ते जनावराच्या अंगी कॅल्शियम लागू देत नाही. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढच्या दीड महिन्याच्या अंतराने घ्याव्यात आणि कुट्टीत लसूणघास किंवा चवळी व थोडा कडबा मिसळावा.